शनिवारच्या खेळात विंका

६ मार्च १९५७, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून घेतानाच फादरना सांगून टाकलं, यंदा उपासाच्या दिवसांत मी गोड सोडणार नाही, वाइन सोडणार नाही. नवऱ्याला टाकून बोलणं सोडणार. फादर हसू दाबत म्हणाले, "पेरिना, झेपेल तेवढंच कबूल कर." म्हणून हे लिहिणं. तोंडाशी येईल ते इथे ओकायचं, म्हणजे ईस्टरपर्यंत घरात शांतता राहील.

पहिल्याच दिवशी केवढं साठलंय. शिमे चर्चमधून आला, कपाळ खाजवलं आणि त्याच हाताने पाव तोडला. मी गप्प. कॉडचं कालवण खारट झालं म्हणाला. मी गप्प. बोट विकल्यापासून हा माणूस दिवसभर पायरीवर बसून जाळी दुरुस्त करतो. कोणासाठी, देव जाणे. सार्डिन मासळी या समुद्रातून गेली, तिच्यामागे मासे डब्यात भरायची कॅनरी गेली, कॅनरीतली माझी नोकरी गेली. याची जाळी मात्र चालूच. तेही बोलले नाही.

९ मार्च

दर शनिवारी सकाळी "बंदरावर जाऊन येतो" म्हणून जातो आणि येताना बुटांना लाल माती घेऊन येतो. बंदरावर सगळं सिमेंट. माती कुठून येते? पुसायला मी आहेच. नाही बोलले.

१५ मार्च

आज घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

पलीकडची तोन्का धावत आली. धावत म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमतं तेवढं. येऊन म्हणाली, "आधी बस."

"उभ्याने सांग. कोण मेलं?"

"कोणी मेलं नाही. टीव्हीवर दर शनिवारी दुपारी जुने पिक्चर दाखवणार आहेत. एप्रिलमध्ये कुठले, ते आत्ता सांगितलं. त्यात तो आहे."

"कुठला तो?"

"तुझ्या विंकाचा."

विंका हे नाव आमच्या घरात शेवटचं कोणी कधी उच्चारलं, आठवत नाही. आमची एकुलती एक. कॅनरीत माझ्या शेजारी उभं राहून मासे कापायची आणि संध्याकाळी हाताला लिंबू चोळत बसायची. मग ट्रॅम पकडून हॉलिवूडला जायला लागली. तिथे तिला विव्हियन करून टाकलं आणि एका पिक्चरमध्ये एक प्रसंग दिला. गर्दीतलं उभं राहणं नव्हे, बोलायचा प्रसंग. त्यात ती शेमीजवर होती. बंदरावरच्या लोकांनी शिमेला त्यावरून असं काही चिडवलं, की याने घरी येऊन तिची पेटी रस्त्यावर ठेवली. पुढच्या वसंतात ती गेली. ताप आला होता म्हणाले. तिच्या खोलीत राहणारी मुलगी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हो, तापच." एवढ्याशा तापाने धडधाकट पोर कशी जाते, मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर वर्षाभरात, १९३४ साली, सिनेमाचे नवे नियम आले आणि तो पिक्चर थिएटरांतून उचलला. चर्चच्या दारावर वाईट पिक्चरांची नावं लागायची, त्यात तो वरच्या बाजूला असायचा. मी इथे नाव लिहिणार नाही. दर डिसेंबरला आम्ही सगळे उभे राहून उजवा हात वर करून वचन द्यायचो, की असले पिक्चर बघणार नाही. शिमेचा आवाज सगळ्यांत मोठा.

मी तो तेव्हा एकदा लाँग बीचला चोरून पाहिला होता. एकदाच. तिचा चेहरा मला आठवतो, फोटोही आहेत. आवाज आठवत नाही. कितीतरी वेळा डोळे मिटून बसते. कधी माझ्या बहिणीचा येतो, कधी रेडिओवरच्या बाईचा, तिचा येतच नाही. आईला पोरीचा आवाज आठवू नये यासारखी लाज नाही. तो ऐकायला मिळणार आहे. तेरा एप्रिल, दुपारी दोन.

१७ मार्च

जेवताना शिमेला सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला.

"नको बघूस," म्हणाला.

"का?"

"मागच्या वेळी बघून आलीस तेव्हा आठवडाभर जेवली नव्हतीस."

म्हणजे मी लाँग बीचला गेले होते ते याला ठाऊक होतं. आजवर बोलला नाही, लबाड. मी म्हटलं, "तेव्हा ती जिवंत होती. तेव्हा मी संतापाने जेवले नव्हते."

"लोक बघतील, पेरिना. पुन्हा बोलतील."

बघा. लोक. याला अजून लोकांचीच पडलीय. जिभेवर जे आलं होतं ते लिहितासुद्धा येत नाही. उठले आणि भांडी घासत बसले.

२० मार्च

फादरना विचारलं, वचन दिलेलं आहे, मग टीव्हीवर बघितलं तर मोडतं का. ते म्हणाले, यादी थिएटरची आहे, टीव्हीचं अजून काही आलेलं नाही. आणि हळूच म्हणाले, "बघ. आणि मला सांगू नकोस."

२६ मार्च

तोन्काच्या जावयाने घोर लावला. म्हणे टीव्हीवाले जाहिराती बसवायला पिक्चर कापतात, वाटेल तिथून. ऐकल्यापासून डोळ्याला डोळा नाही. शेवटी आज काळा कोट घातला, बस पकडली आणि सरळ टीव्ही स्टेशनच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. शिमेला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातेय.

मला वाटलं हाकलून देतील. पण मिस्टर क्रेब म्हणून जे साहेब पिक्चरचं बघतात ते इतके सभ्य, की मला स्वतः खुर्ची दिली. कोवळाच आहे, गळ्याला बो. कॉफी मागवली. मी म्हटलं, साहेब, तुम्ही पिक्चर कापता म्हणे.

"थोडंफार कापावं लागतं, मॅडम. मोटारींचा पाठलाग, नाचगाणी, असलं काढतो. माणसांचं बोलणं शक्यतो ठेवतो."

"मग माझ्या मुलीचं ठेवा."

त्यांनी पेन्सिल घेतली. "कुठला प्रसंग?"

मी सगळं नीट सांगितलं, अर्धवट सांगून पुढे घोटाळा नको. म्हटलं, पिक्चरच्या मध्यावर, कोर्टाच्या अगदी आधी. वकील बोर्डिंग हाऊसमध्ये चुकून भलत्याच खोलीत शिरतो. तिथे पलंगावर ती बसलेली असते, नुसत्या शेमीजवर, मोजा शिवत. वकील आत येतो तशी ती लगेच काहीतरी बोलते, आणि मग आपल्या घराबद्दल इतकं सांगते की त्या वकिलाच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यात वाईट काही नाही. शेमीजची एक पट्टी खांद्यावरून घसरते, तेवढंच. तेवढ्यावरून तेव्हा दोन-चार राज्यांतल्या सरकारी माणसांनी तो तुकडा काढायला लावला होता, आमच्या चर्चनेही त्याच प्रसंगावरून पिक्चरला नाव ठेवलं. पण साहेब, आता ते दिवस गेले.

ते सगळं लिहून घेत होते. एकदा "पट्टी" म्हणून थांबले आणि मान हलवली. म्हणाले, "बरं झालं आलात. तीस-चाळीस पिक्चर एकदम येऊन पडलेत, मी अजून यातलं एक रीळही बघितलेलं नाही. दुपारी बायका-मुलं बघतात, पाववाल्या कंपनीची जाहिरात आहे. असलं काही आधी कळलेलं चांगलं."

मी रडले थोडी. त्यांनी स्वतःचा रुमाल दिला. जाताना तळघरात नेऊन कापाकापी करणाऱ्या मिसेस डोव्हना भेटवलं. हातात पांढरे सुती मोजे, भोवती खुंट्यांवर फिल्मच्या पट्ट्या टांगलेल्या, धोब्याच्या दोरीवर टांगतात तशा. क्रेब साहेबांनी तिला सांगितलं, "या मॅडमच्या प्रसंगाबद्दल मी येऊन बोलतो तुमच्याशी." इतकी काळजी कोण करतं हल्ली? येताना बसमध्ये मला हलकं हलकं वाटत होतं.

घरी आल्यावर शिमे म्हणाला, "दात बरा आहे का?" इतक्या मऊ आवाजात, की मला वाटलं याला सगळं कळलंय. पण कसं कळणार?

२ एप्रिल

विंकाच्या थडग्यावर जाऊन आले. परवाच्या पावसाने वाटेवर लाल चिखल झालाय. कोणीतरी डब्यात जिरॅनियम ठेवलं होतं, ताजं. तोन्का असेल. तिला विचारलं तर म्हणते मी नाही. उपकार कबूल करायलाही लाजते बिचारी.

८ एप्रिल

रात्रंदिवस एकच. पहिलं वाक्य काय बोलते ती? वकील आत येतो, ती मान वर करते, तोंड उघडतं, आणि माझ्या डोक्यात तिथेच बंद होतं. शिमेला विचारलं, तुला आठवतो का तिचा आवाज. तो जाळ्यातली सुई ओढत राहिला. मग म्हणाला, "मला आता कुणाचाच नीट ऐकू येत नाही." बोटीच्या इंजिनाने कान गेलेत हे खरं, पण मी ते विचारलं नव्हतं.

१३ एप्रिल

सगळं लिहिते. झोप येणार नाहीच.

तोन्काच्या दिवाणखान्यात कॅनरीतल्या जुन्या बायका, तिची नणंद, दोन शेजारणी. सुके अंजीर आणि अक्रोड मांडलेले. मला मधली खुर्ची. शिमे येणार नाही म्हणाला होता. पाववाल्याची जाहिरात झाली आणि पिक्चर सुरू झाला. पाऊस पडतोय असं चित्र, जुनं आहे ना. मध्येच पुन्हा पाव. मग पुन्हा पिक्चर. मी मनात म्हणत होते, कोर्टाच्या आधी, कोर्टाच्या आधी.

वकील बोर्डिंग हाऊसचे जिने चढायला लागला तेव्हा मागे स्वयंपाकघराच्या दारात शिमे येऊन उभा राहिला. टोपी हातात. एरवी टीव्ही बघताना हा काचेला नाक लावून बसतो, पण आज पुढे आला नाही. मी त्याच्याकडे बघितलं नाही. वकिलाने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

आणि कोर्ट आलं.

खोली नाही, पलंग नाही, मोजा नाही. सरळ कोर्ट. काळ्या झग्यातला जाडा न्यायाधीश खुर्चीत बसायला वाकला, आणि तेवढ्यात एका मुलीचा आवाज आला, "बसू नका, सुई आहे."

बायका लागल्याच हसायला. तो एवढा मोठा न्यायाधीश, अर्धा वाकलेला, आणि मुलीचा आवाज त्याला सांगतो बसू नका. तोन्काची नणंद खुर्चीवरून घसरायची राहिली. तोन्काही हसली, मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

तो तिचा होता. माझ्या पोरीचा होता. मी तो पातळ समजत होते, पातळ नव्हता. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा, माझ्या आईचा होता तसा. घरीसुद्धा पलंगावर सुई ठेवून शिवत बसायची आणि कोणी आलं की असंच ओरडायची. इतकी वर्षं शोधत होते तो हा, आणि संपलासुद्धा. त्यानंतर न्यायाधीश त्याच्या स्वतःच्या जाड्या आवाजात बोलायला लागला.

मी उठून ओरडले, "ती विंका होती, गप्प बसा." दारातून शिमे म्हणाला, "काय झालं? का हसल्या?" मी त्याला ढकलून बाहेर पडले.

१५ एप्रिल

तोन्काकडून स्टेशनला फोन लावला. क्रेब साहेब मीटिंगमध्ये होते. मग मिसेस डोव्ह फोनवर आली. मी रागावलेच. ती बिचारी ऐकून घेत राहिली.

मी विचारलं, मुलगी कापली तर आवाज कसा राहिला? ती म्हणाली, फिल्मवर आवाज त्याच्या चित्राच्या शेजारी नसतो, थोडा आधी छापलेला असतो. यंत्रात तसंच लागतं. चित्र बघून कापलं की आधीच्या तुकड्यावर पुढच्या माणसाचे दोन-चार शब्द राहून जातात आणि ते भलत्याच चित्रावर ऐकू येतात. "घाईत होते. एरवी मी ते खरवडून टाकते. माफ करा मला."

मी म्हटलं, बरं झालं नाही खरवडलंस. पण कापलंस का?

"मी तर ती मुलगी बघितलीही नसती हो. त्या पिक्चरमधून मी मोटारींचा पाठलाग काढणार होते. तुम्ही येऊन गेलात त्याच संध्याकाळी क्रेब साहेब खाली आले. कोर्टाच्या आधीचा शेमीजवाला प्रसंग, खांद्यावरची पट्टी, ते सगळं काढ म्हणाले. पाववाल्यांकडून तक्रार नको."

"त्यांना कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "मॅडम, मला वाटतं राहू द्या ते."

म्हणजे कोणीतरी सांगितलं. नाव घ्यायला घाबरते. मी विचारलं, तो कापलेला तुकडा तरी द्या. एरवी दाखवून झालं की परत जोडतात म्हणे. पण पाववाल्यांना कापलेलंच हवं होतं म्हणून जोडायचं नाही असं ठरलं, आणि खुंट्यांवरचं सगळं आज सकाळी कचऱ्यात गेलं.

फोन ठेवला तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसलं. क्रेब साहेब नव्हेत. ज्या माणसाने मला रुमाल दिला तो असं करेल? नको बघूस कोण म्हणालं होतं? लोक बोलतील कोण म्हणालं होतं? आणि त्या दिवशी मुद्दाम येऊन दारात कोण उभं राहिलं, काम नीट झालं की नाही ते बघायला?

१६ एप्रिल

व्रत मोडलं. मोडू दे.

शिमे पायरीवर होता. मी त्याच्या हातातलं जाळं ओढून खाली टाकलं आणि म्हटलं, "तू फोन केलास. दोनदा मारलीस तू तिला."

"कुठे फोन?"

"स्टेशनला. प्रसंग काढा म्हणून."

"मी कशाला करू?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुला कोण म्हणालं?"

मी त्याला सगळं सांगितलं. दाताचं खोटं होतं, मी तिथे गेले होते, मिसेस डोव्ह काय म्हणाली, सगळं. त्याला ऐकू जावं म्हणून ओरडूनच. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "त्या साहेबाला तू काय काय सांगितलंस?"

"सगळं. प्रसंग कुठे येतो, मोजा, शेमीज."

"पट्टीचंही?"

"पट्टीचंही. चर्चचंही. लपवायचं काय होतं त्यात? आणि विषय बदलू नकोस."

तो खाली बघत बसला. जाळं उचललं नाही. मग उठला, अंजिराच्या झाडापर्यंत गेला, तिथे पाठमोरा उभा राहिला, आणि परत आला.

"हो," म्हणाला. "मीच केला फोन."

"कुठून?"

"बंदरावरून."

"कधी?"

"तू जायच्या आधी." मग म्हणाला, "नाही, नंतर. त्याच दिवशी."

धड कबूलही सरळ करता येत नाही. एवढं मोठं पाप केलं आणि दिवससुद्धा आठवत नाही. मी म्हटलं, का केलंस, एवढं तरी सांग. तर म्हणाला, "लाज वाटली असेल."

असेल म्हणे. जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. मला वाटलं होतं, कबूल केलं की मी त्याला मारेन. हात उचललाच नाही. मी म्हटलं, "मी मेले तरी तू माझ्या शेजारी पुरून घेऊ नकोस." तो म्हणाला, "बरं."

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

फादरनी विचारलं, काही सांगायचं आहे का. मी म्हटलं, नवऱ्याला माफ करता येत नाही. ते म्हणाले, प्रयत्न कर. शिमे माझ्या आधी पापाची कबुली द्यायला आत जाऊन आला होता, बराच वेळ. बाहेर आला तेव्हा फादर माझ्याकडे जरा जास्तच दयेने बघत होते. काय सांगितलं असेल त्याने, बायको भांडखोर आहे, दुसरं काय.

२१ एप्रिल, ईस्टर

हॅम केलं, गोड पाव केला, अंडी लाल रंगवली. लोकांना दिसायला सगळं झालं पाहिजे. तोन्का जेवायला ये म्हणत होती, मी नाही गेले. टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला शिमे. त्याने स्वच्छ सदरा घातला होता. बराच वेळ पावाचा तुकडा हातात धरून बसला.

मग म्हणाला, "पेरिना, एक विचारू?"

मी हॅम कापत राहिले.

"ती काय म्हणाली गं? तुम्ही सगळ्या हसत होतात. मुलगी बोलतेय एवढं कळलं, शब्द ऐकू आले नाहीत. तोन्काला विचारलं तर ती रडायलाच लागली."

तो दोन्ही हात टेबलावर ठेवून माझ्या ओठांकडे बघत होता. ऐकू येत नाही तेव्हा बघतो तसा.

मी त्याला सांगितलं नाही. माझं ताट उचललं आणि आत येऊन जेवले.